कापसाची खोली

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, तिला घरात सगळे कापसाची खोली म्हणतात. दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा घरी आला की ती भरायला लागायची, आणि भाव बघत बाबा होळीपर्यंत कापूस धरून ठेवायचे. लहानपणी आम्ही भावंडं त्या ढिगात उड्या मारायचो. खोली छतापर्यंत भरलेली असली की तोंडातून निघालेला शब्द हातभर अंतरावर मरायचा. ताई शेजारी असायची आणि तिची हाक तीन घरं पलीकडून आल्यासारखी वाटायची. मग गाडी लागायची, कापूस जिनिंगला जायचा, आणि रिकाम्या खोलीत साधी टाळी वाजवली तरी भिंती झणझणायच्या. ही गोष्ट मला पाचव्या-सहाव्या वर्षापासून माहीत होती. तिचा अर्थ समजायला मात्र पस्तिशी उलटली.

आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. वर्धा नदी ओलांडली की पलीकडे गुरुकुंज मोझरी, तुकडोजी महाराजांच्या आश्रमाचं गाव. त्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आमच्याकडे घराघरात आहे, आणि आमच्या भजनी मंडळात तिच्या जोडीला मृदंग, टाळ आणि पेटी. मृदंगावर बाबा. वय बहात्तर. तीन वर्षांपूर्वी मंडळातले पेटीवाले काका गेले. त्यांच्या वादनाचं काही जपलंय का म्हणून शोधाशोध केली, तर एका लग्नातला मोबाइलवरचा तुकडा मिळाला, त्यातही मागे जनरेटर धडधडतोय. त्या रात्री मी ठरवलं की बाबांचा हात आणि आईचा गळा नीट रेकॉर्ड करून ठेवायचा. आई भजनात बसत नाही, पण भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी तिच्याशिवाय आमच्या आळीत होत नाहीत. तिला येतात तेवढी गाणी आता दुसऱ्या कुणाला येत नाहीत.

कापूस आता आम्ही वेचला की लगेच विकतो, त्यामुळे खोली मोकळीच होती. विटांच्या नऊ इंची भिंती, आतून सिमेंटचा गिलावा, वर स्लॅब, खाली फरशी, एक दार, एक खिडकी. मी दोन माइक, माइक लॅपटॉपला जोडणारा एक लहान ऑडिओ इंटरफेस आणि जुना लॅपटॉप घेऊन बसलो. बाबांनी डाव्या पुडीला कणीक लावली, उजव्या पुडीवरची काळी शाई ठोकून बघितली आणि एक ठेका धरला. चार आवर्तनं झाली नसतील, हात थांबवून म्हणाले, "खोलीच वाजून राह्यली रे. मृदंग कुठी हाये?"

त्यांनी बिनचूक ओळखलं होतं. मला ते मान्य करायला वर्ष लागलं, आणि त्या वर्षात मी पैसे वाया घालवले.

शहरातल्या एका दुकानदाराने इंचभर जाडीचा, टोकंटोकं असलेला काळा फोम दिला. हा चारी भिंतींना लावा, खोली साउंडप्रूफ होते, असं त्याने छातीठोक सांगितलं. फोम कमी पडला तिथे मी अंड्यांचे ट्रे चिकटवले. टाळी वाजवली तर झणझण गेलेली. मी खूश. मंडळाला बोलावलं, खंजिरी वाजली, टाळ वाजले, आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. खंजिरीच्या चकत्यांचा छनकार गेला होता, टाळ पत्र्याच्या तुकड्यांसारखे वाजत होते, आणि मृदंगाची धूम पहिल्याइतकीच घुमत होती. आई म्हणाली, "गाताना कोणी तोंडावर उशी धरल्यावानी वाटते." बाहेर अंगणात ऐकलं तर मृदंग जसाच्या तसा ऐकू येत होता. म्हणजे साउंडप्रूफही काही झालं नव्हतं.

ही चूक फार जण करतात म्हणून सविस्तर लिहितो. खोलीतला आवाज बाहेर जाऊ न देणं हे एक काम आणि खोलीतल्या खोलीत आवाज घुमू न देणं हे वेगळं काम. पहिल्याला वजन लागतं: वीट, रेती, जाड काच, भरीव दार. दुसऱ्याला मऊ, सच्छिद्र आणि जाड वस्तू लागते, जिच्यात हवा शिरते आणि धाग्यांशी घासून तिची ऊर्जा उष्णतेत जिरते. इंचभर फोम टाळाचा तार आवाज पितो, कारण त्याची लाट काही इंचांचीच असते. मृदंगाच्या धुमेची लाट दहा फुटांची. तिला इंचभर फोम लागत नाही की दिसत नाही. अंड्यांचे ट्रे तर यातलं कुठलंच काम धड करत नाहीत, आणि पुठ्ठा असल्यामुळे पेट घ्यायला मात्र तयार.

सगळं खरवडून काढलं. यावेळी आधी मोजायचं ठरवलं.

टेपने मोजलं तर खोली दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच निघाली. आमच्या आजोबांना चौरस काम आवडायचं. कापसाला हा आकार उत्तम असेल, पण गाण्या-वाजवण्याला याहून वाईट आकार नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाच्या काही ठरावीक लाटा अडकून उभ्या राहतात. त्यांचा हिशोब सोपा आहे: आवाजाचा वेग भागिले भिंतींतल्या अंतराची दुप्पट. सेकंदाला साधारण ३४३ मीटरचा वेग आणि ३.०५ मीटरचं अंतर धरलं तर पहिली लाट ५६ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५६ कंपनांवर, दुसरी ११३च्या आसपास. लांबी, रुंदी, उंची वेगवेगळ्या असत्या तर तीन दिशांच्या लाटा वेगवेगळ्या सुरांवर विखुरल्या असत्या. सेपमायर नावाच्या अभियंत्याने १९६५ साली अशा खोल्यांची प्रमाणं काढून ठेवली आहेत, त्यातलं एक १ : १.१४ : १.३९. आमच्याकडे तिन्ही दिशा एकाच सुरावर येऊन बसल्या होत्या.

आता आमचं मंडळ गातं पांढरी सहामध्ये, म्हणजे पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीला षड्ज धरून. मृदंगाची शाई त्या षड्जावर, म्हणजे २२० हर्ट्झवर, आणि डावी पुडी कणीक लावून त्याच्या खालच्या षड्जाला, ११०ला आणतात. खोलीची लाट ११३ला. बाबांचा हात पडला की खोली तो सूर उचलून धरायची आणि सोडायची नाही.

हे कानाने पटावं म्हणून मंडळाचा बारा इंची स्पीकर कोपऱ्यात ठेवला आणि लॅपटॉपवरून नुसता ५६ हर्ट्झचा सूर सोडला. दार लावून चालायला लागलो. कोपऱ्यात उभं राहिलो तर छातीत गरगर, फळीवरच्या स्टीलच्या डब्याचं झाकण थरथरतंय. एकेक पाऊल मधोमध सरकत गेलो तसा आवाज विरत गेला आणि बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा झाला. स्पीकर बंद पडला की काय म्हणून मी मागे वळून बघितलं, तर त्याचा पडदा हलत होता. मग ११३ सोडला. आता मध्यावर सगळ्यात जोर, आणि भिंतीपासून अडीच फुटांवर आलो की आवाज पडायचा. बाबांची सतरंजी इतके दिवस मी हौसेने कुठे अंथरली होती? बरोबर मध्यावर. बाबांना बोलावलं, हात धरून तीच वाट चालायला लावली. ते काही बोलले नाहीत. दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले, मग अडीच फुटांच्या त्या जागी उभे राहून म्हणाले, "इथी बसतो मी."

मोजणीला रूम ईक्यू विझार्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरलं. पहिल्याच आलेखात ५० आणि १००वर दोन सरळ उभ्या रेघा आल्या. दोन दिवस मी त्या खोलीच्या म्हणूनच धरून चाललो होतो. त्या विजेच्या होत्या. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि तारेतली गुणगुण माइकमध्ये उतरते. कोळसा-मीठ नवीन भरलं, खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं, रेघा बसल्या. एप्रिल-मेमध्ये रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी अर्थिंगला पाणी घालणं हे आता आमच्याकडे तुळशीला पाणी घालण्यासारखं झालं आहे.

आवाज विरायला किती वेळ लागतो तेही मोजलं. मोकळ्या खोलीत मधल्या सुरांना २.१ सेकंद. गाण्यासाठी इतक्या लहान खोलीत तो अर्ध्या सेकंदाच्या बराच खाली हवा.

वाचता वाचता मला वॉलेस सॅबिन भेटला, आणि लहानपणीची कापसाची खोली एकदम उलगडली. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कला संग्रहालयाचं व्याख्यानगृह नवीन बांधलं होतं आणि तिथे बोललेलं कुणालाच समजत नव्हतं. एक शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ रेंगाळायचा. सॅबिन तरुण प्राध्यापक. त्याने जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, व्याख्यानगृहात मांडायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, स्टॉपवॉच लावून कान देऊन ऐकायचं आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या. गाद्या वाढवत नेल्या तसा घुमारा किती घटतो, यावरून त्याने सूत्र काढलं. त्याचं मोजमापाचं एकक तर फारच सुंदर: उघडी खिडकी. एक चौरस फूट उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून ते एक माप. पुढे १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल त्याच्या हिशोबावर बांधलं गेलं, आणि ते आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणलं जातं.

फुटांच्या हिशोबात सूत्र असं: घुमाऱ्याचे सेकंद म्हणजे ०.०४९ गुणिले खोलीचे घनफूट, भागिले शोषण, म्हणजे उघड्या खिडकीचे चौरस फूट. माझी खोली हजार घनफूट, म्हणजे वर ४९. २.१ सेकंदांच्या घुमाऱ्याचा अर्थ असा की सबंध खोलीत मिळून जेमतेम २३ चौरस फूट उघडी खिडकी आहे. तो ०.३५वर आणायचा तर १४० चौरस फूट हवी. माझ्या हातात पहिल्यांदा एक आकडा आला. किती लावू, कुठपर्यंत लावू ही चिंता मिटली. मांडी घालून बसलेला एक माणूससुद्धा चार-पाच चौरस फुटांचं काम करतो, त्यामुळे मंडळ पूर्ण बसलं की खोली आणखी निवते.

धूम जिरवायची तर जाडी पाहिजे. लाटेच्या चौथाईइतकी जाडी आदर्श, म्हणजे इथे अडीच फूट. तेवढी जागा देणं शक्य नव्हतं, दीड फूट दिली. मागची सबंध भिंत, दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच, दीड फूट जाडीने भरायची. कशाने? दगडी लोकर (रॉकवूल) नागपूरहून आणता येत होती, पण एवढ्या जाडीला ती फार महाग पडली असती, आणि इतक्या जाडीला सैल, भुसभुशीत भरावच जास्त चांगला चालतो. घरात जुन्या गाद्यांचा ढीग होता. आजीची, आत्याच्या बाळंतपणातली, पाहुण्यांची, एकूण अकरा. कापूस आमच्याच शेतातला.

गावात येणाऱ्या पिंजाऱ्याला दोन दिवस अंगणात बसवलं. पिंजता पिंजता त्याने रुईत बोरिक पावडर मिसळली. ती आग लवकर पसरू देत नाही आणि कसर-किडीलाही दूर ठेवते. कापूस आणि वीज एका खोलीत ठेवणार असाल तर यात काटकसर करू नका. एवढं करूनही बोर्डाच्या आजूबाजूला मी रुई वापरलीच नाही, तिथे दगडी लोकर लावली, कारण ती जळत नाही. आडजात लाकडाच्या पट्ट्यांची चौकट केली. ती जमिनीपासून चार इंच वर विटांवर ठेवली, उधईला सरळ वाट मिळू नये म्हणून. उंदरांसाठी खालून आणि मागून बारीक लोखंडी जाळी. रुई स्वतःच्या वजनाने खाली बसते, मग वर पोकळी राहते, म्हणून दर दोन फुटांवर आडवी सुतळी विणून कप्पे पाडले. पुढून वर्ध्याहून आणलेली खादी ताणून लावली. कापड निवडताना ते तोंडाला लावून फुंकायचं. फुंकर आरपार गेली तर आवाजही आत जाईल. रेग्झिन किंवा चकचकीत पडद्याचं कापड लावलं तर मागे कितीही भरा, तार आवाज वरूनच परत फिरतो.

छताखाली सहा बाय सहा फुटांची चौकट टांगली, वर चार इंच पोकळी सोडून. बाबा जागा बदलून बसले तरी खालून वर जाणारी लाट सुटत नव्हती, ती या टांगलेल्या चौकटीने बरीचशी सैल झाली. गाणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा चौरस फुटांचे पडदे. ऐंशी, छत्तीस आणि चोवीस, झाले एकशेचाळीस. उरलेल्या भिंतीचा गिलावा तसाच ठेवला, फरशीही उघडी. याबद्दल माझं मत ठाम आहे. मृदंगाला समोर थोडी कठीण जागा लागते, नाहीतर वाजवणाऱ्याला स्वतःचा हात ऐकू येत नाही आणि तो नको तितका जोर लावतो. सतरंजी फक्त आईच्या पायाखाली.

दाराचं काम त्यामानाने लवकर झालं. नऊ इंची भिंत सुमारे पन्नास डेसिबल अडवते, पण दाराखाली अर्ध्या इंचाची फट असेल तर त्या दारातून बावीस-तेवीसच्या वर काही अडत नाही, मग दार कितीही महाग असो. भरीव दार, चारी कडांना रबर, खाली उंबरा. खिडकी विटांनी बुजवली. काळ्या मातीवरचं घर, दर उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि भिंतीला चिरा जातात, तेव्हा दरवर्षी चिरा भरणं आलंच.

खिडकी बुजवल्यावर मे महिन्यातल्या आर्वीत सात माणसं आत बसणार कशी? कुलर लावला तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त कुलरच येतो. प्लायवूडची नागमोडी पेटी केली, आतून लोकरीचं अस्तर, चार वळणं, आणि बाहेरच्या टोकाला हळू फिरणारा मोठा पंखा. हवा वळणं घेत जाते, आवाज प्रत्येक वळणावर जिरतो. तरी उन्हाळ्यात आम्ही पहाटे चार ते साडेसहा एवढाच वेळ बसतो. तेव्हा स्लॅब निवलेला असतो, गिरणी बंद असते, कोकीळ उठायची असते. उन्हाने फक्त माणसं तापत नाहीत हेही तेव्हा कळलं. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, त्यामुळे थंडीत ११२ला असलेली खोलीची लाट मेच्या दुपारी ११७च्या पुढे सरकते, आणि त्याच कोरड्या हवेत मृदंगाची कातडीही चढते.

काम संपल्यावर पुन्हा मोजलं. मधल्या सुरांना ०.३६ सेकंद, खालच्या सुरांना ०.६ आणि थोडं वर. खालचा आकडा अजून उतरायला हवा होता. दोन कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत तिकोनी भराव घालायचा राहिला आहे, तो यंदाच्या गाद्यांवर.

पहिलं रेकॉर्डिंग आईचं केलं. भुलाबाईची गाणी ती नेहमी दहा-बारा जणींच्या घोळक्यात गाते, एकटीने आणि तेही खोलीत बसून कधी गायली नव्हती. पहिल्या ओळीला थबकली. आपला आवाज इतक्या जवळून तिने कधी ऐकला नव्हता. पाण्याचा घोट घेतला, डोळे मिटले आणि मग सतरा गाणी सलग. ओळ संपल्यावर ती जो बारीक श्वास घेते, तो मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकू आला.

बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे बसले. डाव्या पुडीला सवयीप्रमाणे कणीक लावली, ठेका धरला, मी दोन मिनिटं घेतली आणि हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मग हेडफोन काढला आणि डाव्या पुडीवर बोट टेकवलं.

"कणीक लय झाली हे," म्हणाले. "धूम षड्जाच्या खाली चालली."

त्या घुमणाऱ्या खोलीत धूम अंगावर यायची, तेव्हा ती उतरावी म्हणून ते दर वेळी कणीक थोडी वाढवत गेले होते आणि तेवढीच हाताला सवय झाली होती. आता नखाने कडेची कणीक खरवडून त्यांनी वाटीत टाकली, थाप मारली, कान पुडीजवळ नेला, आणखी चिमूटभर काढली. पुन्हा थाप. शाई आणि धूम एकमेकांत बसल्या. ओला हात धोतराला पुसून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"घे आता."